चौदा ग्रॅम

दमदार. तिखट वाल. एका बारमध्ये, म्हणजे साठ ग्रॅममध्ये: ऊर्जा २४५ किलोकॅलरी. प्रथिने १४ ग्रॅम. कर्बोदके ३१ ग्रॅम, त्यात साखर ४. स्निग्ध पदार्थ ७ ग्रॅम. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका.

~

रेवदंड्यात एका अंगणात कोळीण टोपली उतरवायला वाकते. आतून आवाज येतो, "आज न्हाय गो. पुढं जा." का, ते कोळीण विचारत नाही. वाकलेली तशीच उठते.

~

"मित्रांनो, आपल्या मातीतला वाल, आपल्या मातीतली ताकद!" मोबाइलवरच्या व्हिडिओत एक तरुण दंड फुगवून दाखवतो. मागे कुणीतरी फिसकन हसतं. तेवढं हसणं कापायचं राहून गेलंय.

~

बाबाजींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांच्या वडिलांच्याही होती. त्या घरात मासळी बंद झाली असं म्हणता येणार नाही, कारण ती कधी सुरूच झाली नव्हती.

~

"आई, ओठांना मुंग्या चावतायत."

"पाणी पी."

~

जो बार खोटं बोलत होता त्याने कुणालाच काही केलं नाही. जो खरं बोलत होता त्याने मुलगी आडवी केली. गोष्ट एवढीच आहे. पण ती कळायला रविवारपासून शनिवार उजाडला, आणि शनिवारीही उशीरच होत होता.


ऊर्जा

रविवारी सकाळी राही कबड्डीच्या सरावाला गेली. वय वर्षं दहा, पोयनाडच्या आतल्या अंगाला भातशेतीचं गाव. सराव संपल्यावर दप्तरातून तिने बार काढला, अर्धा खाल्ला, आणि मैत्रिणीला म्हणाली की घशात काहीतरी अडकलंय. मैत्रिणीने पाठीत थापट्या मारल्या. तोवर राहीचे ओठ सुजले होते. डोळे बारीक झाले. मग ती बोलायची थांबली आणि नुसताच एक आवाज यायला लागला, सायकलच्या पंपासारखा.

शाळेच्या सरांनी तिला मोटरसायकलवर मध्ये बसवून अलिबागला नेलं. मांडीत इंजेक्शन गेलं आणि आवाज थांबला. संध्याकाळी, सगळे चहा प्यायला बाहेर गेले असताना, तो पुन्हा सुरू झाला.

"काय खाल्लं होतं हिने?" डॉक्टरांनी विचारलं.

हेमालीने, राहीच्या आईने, उरलेला अर्धा बार पुढे केला. डॉक्टरांनी घटक वाचले. वाल, तांदळाचे कुरमुरे, दूध पावडर, तेल, पांढरा कांदा, लसूण, मसाला.

"यातलं नवीन काय?"

"काहीच नाही. रोज खाते."

"आणि हा बार?"

"हापण नेहमीच खाते. कधी काही झालं नाही." हेमाली थांबली. "एकदा ओठ खाजले होते."

"मग यात न लिहिलेलं काहीतरी आहे, नाहीतर लिहिलेल्यातलंच काहीतरी तिला आता चालत नाही. ते कळेपर्यंत सांभाळा. पुन्हा पोटात गेलं तर यापेक्षा वाईट होईल."

डॉक्टर हे हळू आवाजात बोलले. राही जागी होती.

त्या क्षणापासून तिने खाणं सोडलं. बारमध्ये तांदूळ होता म्हणून भात नको. दूध होतं म्हणून दूध नको. वरणात लसूण, भाजीत मसाला, पोळीला तेल. जे खाऊन ती दहा वर्षांची झाली होती ते सगळं त्या वेष्टणावर छापलेलं होतं. चमचा तोंडाशी आला की ती विचारायची, "यात काय आहे?" आणि उत्तर ऐकून तोंड मिटायची.


प्रथिने

शिवानी घरत नवी मुंबईत एका खाजगी प्रयोगशाळेत खाद्यपदार्थ तपासते. ती आणि हेमाली रेवदंड्यात एका बाकावर बसून शिकल्या. नंतर हेमाली बाबाजींच्या माळकरी घरात सून होऊन गेली आणि शिवानी मुंबईच्या बाजूला गेली. फोन दिवाळीला व्हायचा. यावेळी रविवारी रात्रीच आला.

"शिवा, तू शोध."

"अगं, तक्रार कर. सरकारी माणसं येतील, नमुना नेतील..."

"येतील तेव्हा येतील. पोरगी पाणी पिऊन आहे. तू शोधून सांगितलंस की घरात ऐकतील."

सोमवारी पहाटेच अलिबागला येऊन उरलेला अर्धा तुकडा शिवानीने हात न लावता वेष्टणासकट पिशवीत बंद केला. तो संपला की दुसरा मिळणार नव्हता. म्हणून तिने आधी अलिबागच्या दुकानातून तसाच दुसरा बार घेतला आणि तो तपासायला लावला.

निकाल आला तेव्हा ती जवळजवळ हसली. विष नाही, बुरशी नाही, घातक असं काही नाही. फक्त प्रथिनं दहा ग्रॅम. लेबलवर चौदा. साधी, बाजारात रोज होते तसली लबाडी.

"बारमध्ये काही नाही," तिने हेमालीला कळवलं. "लेबल खोटं आहे, पण माल निर्धोक आहे."

पलीकडे सुटकेचा श्वास ऐकू यायला हवा होता. तो आला नाही.

"तरी तो बार मी तिला देणार नाही," हेमाली म्हणाली.

"देऊ नकोसच. पण दुसरं कारणही शोधायला लागेल."

"तू त्या तुकड्याचंही बघ ना."

म्हणून शिवानीने तुकडाही पाठवला. त्याचा आकडा आला: चौदा.

तिने दोन्ही निकाल शेजारी ठेवले. तेच वेष्टण, तोच कारखाना. दुकानातल्या बारमध्ये लेबलपेक्षा कमी ताकद, आणि राहीच्या बारमध्ये लेबलवर आहे तेवढीच, बरोबर. वालाच्या पिठाचं, कुरमुऱ्याचं, पावडरीचं गणित केलं तर दहाच्या वर आकडा जायला नको होता. ज्या बारने मुलीचा गळा आवळला तो एकटाच खरा होता.

चार ग्रॅम कुणीतरी वर घातले होते. चोरी उलट्या दिशेने झाली होती.


स्निग्ध पदार्थ, साखर

अलिबागच्या बाजारात विनेशभाईंचं दुकान. दमदारच्या कारखान्याला वाल आणि दूध पावडर त्यांच्याकडूनच जाते. सत्तरीचे, घरात अंडंसुद्धा येत नाही असे गृहस्थ.

"बेन, मी पावडर देतो, जहर नथी देतो," ते म्हणाले. "पोरगी कशी आहे?"

"पाण्यावर आहे."

"अरेरे." त्यांनी गल्ल्यावरच्या देवाला हात लावला. "एक बात कहूं? तो बारवाला दिपेश आधी नेत होता तेवढी पावडर आता नेत नाही. माल मात्र वाढला. मी विचारलं, अरे भाई, टाकतोस काय? तर हसून म्हणतो, आईच्या हाताची कमाल."

"तुम्हाला काय वाटतं, काय टाकत असेल?"

विनेशभाईंनी आवाज खाली आणला. "लोक बोलतात हां, मी नाही बोलत. तुमच्या मशीनला युरिया घातला तरी प्रोटीन दिसतं म्हणे."

शिवानीला माहीत होतं, बोलतात ते खोटं नव्हतं. प्रयोगशाळा प्रथिनं थेट मोजत नाही. नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा अंदाज बांधते. ज्यात नायट्रोजन आहे ते काहीही घाला, आकडा वाढतो. मुलं खाणार, आणि आकडा चौदाच राहणार. तिने तिथल्या तिथे रस्त्यावरून लॅबला फोन लावला आणि युरिया बघायला सांगितला.

उत्तर येईपर्यंत तिने स्वतःशी हिशेब मांडला. शेंगदाण्याचं कूट घातलं असतं तर स्निग्ध पदार्थ वाढले असते. तुकड्याच्या निकालात ते सातच होते. दूध पावडर जास्त घातली असती तर साखर वाढली असती, कारण दुधाची स्वतःची साखर असते. ती चारच होती. उरत होता युरिया, ज्याने बाकी कुठलाच आकडा हलत नाही.

फोन वाजला.

"युरिया नाही, मॅडम."

"नक्की?"

"दोनदा बघितलं. मग आहे काय हे?"


मसाला

मंगळवारी ती रेवदंड्याला गेली. दिपेशचा कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. शेजारच्या अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत होते. कावळे हाकलायला कुणी नव्हतं.

व्हिडिओत दंड फुगवणारा दिपेश प्रत्यक्षात बारीक होता आणि त्याला घाम सुटला होता.

"ताई, मुलीचं ऐकलं. आई शपथ, झोप नाही मला. पण माझ्या मालात काही नाही. रजिस्ट्रेशनच्या वेळी लॅबचा रिपोर्ट घेतलाय. चौदा आलेत, चौदा. मी तेच छापलंय."

"आम्हाला दुकानातल्या बारमध्ये दहा मिळाले."

"मग तुमची मशीन बिघडली असेल."

"आणि राहीच्या बारमध्ये चौदा."

दिपेशने कपाळावरचा घाम पुसला. दोन्हीपैकी कुठल्या आकड्याची भीती धरावी हे त्याला ठरवता येत नव्हतं.

भाजणीच्या कढईपाशी नलू होती. चाळिशीची, जीभ तिखट. "माझ्याकडं काय बघतंस? मी वाल भाजते, दळते, मिसळते. मसाला आयचा. तो डब्यातून येतो तसा मी घालते." दुपार झाली तशी तिने डबा उघडला. भाकरी आणि बटाटा.

"रेवदंड्यात राहून बटाटा?" शिवानीने चिडवलं.

"मंगळवार हाय ना! एकवीरेचा. माझा नवरा म्हणतो, देवीनं काय तुला चिठ्ठी पाठवली काय. म्हटलं, तुझ्याशी लगीन कर म्हणून पन नव्हती पाठवली."

तेवढ्यात घरातून सोनूबाई आल्या, दिपेशच्या आई. हातात ताटली, त्यात गरम तळलेले बोंबील. "खा गो बाय. तुला वळखलं मी. घरताची ना तू? तिकडं वाशीला काय मिळतंय तुमाला, बरफातलं."

शिवानीने खाल्ले. सोनूबाई समोर बसून स्वतःही खात होत्या आणि पोरीबद्दल विचारत होत्या. "उठून बसते का? बोलते का?" थोड्या वेळाने पुन्हा, "बोलते का?"

"मसाल्यात काय घालता, मावशी?"

"जे सगळीच घालतात ते." त्यांनी काटा ताटलीच्या कडेला ठेवला. "घरचा मसाला हाय. त्याचं काय कागदावर लिवलेलं न्हाय."

मसाल्याचा डबा रिकामा होता. घासून उपडा घातलेला. अजून ओला.


राख

गुरुवारी राहीला घरी सोडलं. आता हॉस्पिटल लांब आणि रस्ता खराब. हेमालीने फोनवर सांगितलं की राही साखरेचं पाणी घेते, तेही ग्लास स्वतः धुऊन. काल झोपेत ओठ चाचपत होती.

शिवानीने वेगवेगळ्या दुकानांतून बार गोळा केले, न उघडता लॅबला दिले, आणि सगळं बघा म्हणाली, फक्त प्रथिनं नाही. बार जाळून उरलेली राखही.

शुक्रवारी निकाल आले. काही बार दहाचे, काही चौदाचे. मधला आकडा एकाचाही नाही. दहाच्या बारमध्ये कॅल्शियम जेमतेम. चौदाच्या बारमध्ये ते जवळजवळ तिप्पट.

"आणि मॅडम," लॅबमधला प्रणय म्हणाला, "चौदावाल्यांच्या राखेत एक गंमत आहे. ॲसिडमध्ये विरघळत नाही असं काहीतरी उरतं. बारीक, चमकतं. मी भिंगाखाली बघितलं. वाळू आहे."

प्रथिनं. कॅल्शियम. वाळू.

असं काय आहे जे कवचासकट खाल्लं जातं, म्हणून त्यात चुना येतो, आणि जे किनाऱ्यावर जमिनीवर पसरून वाळवतात, म्हणून त्यात वाळू येते? शिवानीला ते कुठल्याही पुस्तकात बघावं लागलं नाही. तिच्या आजोळच्या अंगणात ते गुलाबी चादरीसारखं पसरलेलं असायचं.

जवळा. करंगळीच्या नखाएवढी कोलंबी. आणि कोलंबी ज्यांना चालत नाही त्यांचा गळा मिनिटांत सुजतो.

पण मग काही बार दहाचे का? तिने वेष्टणांवरच्या तारखा बघितल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येकीवर बोट ठेवलं. दहाचे बार सगळे सोमवारी आणि शनिवारी बनलेले होते. चौदाचे मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. रविवारी शेड बंद.

राहीचा बार मंगळवारचा होता.

 दोन वार सुरक्षित, चार वार घातक, वेष्टण एकच, आणि कुठला कुठे गेलाय हे कुणालाच माहीत नाही.


बनवल्याची तारीख

शनिवारी सकाळी ती रेवदंड्यात उतरली तेव्हा सोनूबाईंच्या दारात कोळीण टोपली उतरवायला वाकली होती. "आज न्हाय गो," सोनूबाई आतून म्हणाल्या. "पुढं जा." कोळीण उठली आणि शिवानीच्या अंगावरून गेली.

शिवानीने दिपेशला आणि नलूला अंगणात बोलावलं. सोनूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"बारमध्ये जवळा आहे," ती म्हणाली. "दोन वार सोडून. सोमवार आणि शनिवार."

 शेजारी बोंबलांवर कावळा बसला.

"विनेशभाईंची पावडर सगळ्या वारांना एकच असते, म्हणून ते नाहीत. दिपेश, तू कुठलाच वार पाळत नाहीस. तू घातला असतास तर सगळे बार सारखे निघाले असते. नलू मंगळवारी मासळीला हात लावत नाही, आणि राहीचा बार मंगळवारचा. म्हणून नलू नाही." ती उंबऱ्याकडे वळली. "मावशी, मंगळवारी तुम्ही माझ्याबरोबर बोंबील खाल्लेत. आज टोपली परत पाठवलीत. सोमवारी?"

"सोमवार संकराचा," सोनूबाई म्हणाल्या. "शनिवार मारुतीचा. त्या दोन दिसांना मी चुलीवर चढवत न्हाय." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "हाय जवळा. भाजून, कुटून, लसनीत घोळवून मसाल्यात घालते. काय इख घातलं न्हाय मी, बाय."

"पण का?"

"ह्यो फोनवर रडत व्हता. ताकद येत न्हाय, ताकद येत न्हाय, धंदा बसला. लोकांना सांगायचं ताकद हाय, आणि आत न्हाय? माझ्या चारी पोरांना मी जवळ्यावर वाढवलं. बाळंतिणीला देतो आमी. म्हटलं, घालू. सोमवार-शनिवार बार उपाशी ऱ्हायचा, त्याला माझा विलाज न्हाय."

"आणि तू?" शिवानीने दिपेशला विचारलं. "लॅबला नमुना कुठल्या वारचा दिलास?"

"आईने मसाला बदलला त्यानंतरचा. चौदा आले, मी विचारलं नाही." त्याने मान खाली घातली. "चव... चव चांगली झाली होती, ताई. खप वाढला."

"हिरवा ठिपका छापलास."

"वेष्टणाचं डिझाइन जुनंच होतं. आकडा तेवढा बदलला."

नलू एकदम भडकली. "आता सगळ्यांनी गप बसू नका! रेवदंड्यातल्या मानसाला जवळ्याचा वास येनार न्हाय? मला येत व्हता. ह्याला येत व्हता. लहानपनापास्नं खाल्लेली चव ती, लसनीत काय लपते? विकत घेनारे लांबचे, त्यांना काय कळतंय. म्हनून आमी गप."

सोनूबाई उंबऱ्यावर खाली बसल्या. "पोरगी जवळ्यानं मरते?" त्यांनी विचारलं. "जवळ्यानं?"

शिवानी हेमालीचा नंबर लावत होती.


साठवण

"हॅलो, हेमा?"

"मी बाबाजी बोलतो. हेमाली गिरणीवर गेलीय. फोन हितंच ऱ्हायला."

"बाबाजी, राहीने काही खाल्लं?"

"कुठलं खातेय. बार चांगला निघाला असं तिनं ऐकलंय, म्हनून सकाळधरनं नुसता तोच मागते, पन खायला भिते. तिखट. म्हटलं, तुमच्याच रिपोर्टात चांगला निघालाय, तर नाक्यावरनं घेऊन आलो."

"देऊ नका!"

"आँ?"

"बार देऊ नका! त्यात..."

"आवाज येत न्हाय गो. हे प्लॅस्टिक पन फाटंना... हॅलो?"

मग तिथे फक्त खरखर. पुन्हा लावला, लागला नाही. पुन्हा लावला. आवाक्याबाहेर.

दिपेशने गाडी काढली. तिला काही सांगावं लागलं नाही. अलिबागचा रस्ता, मग पोयनाडकडचा. शिवानी नंबर दाबत राहिली आणि तेच बाईचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकत राहिली. तिच्या डोक्यात तिचंच वाक्य फिरत होतं: माल निर्धोक आहे. तिने फोनवर एका शनिवारच्या बारबद्दल ते सांगितलं होतं, आणि ते त्या घरात सगळ्या वारांना लागू झालं होतं.

"कुठल्या वारचा असेल?" दिपेशने विचारलं. "ताई, सोमवारचा असेल कदाचित. असू शकतो ना?"

तिने मनात हिशेब केला. सहातले दोन.

फाट्यावरून आत वळल्यावर रस्ता अरुंद झाला आणि समोर भाताच्या पेंढ्याने भरलेला ट्रॅक्टर आला. दिपेशने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.


शाकाहारी

ओटीवर बाबाजी बसले होते. समोर चटईवर राही, गालफडं बसलेली, डोळे मोठे. बार बाबाजींच्या हातात होता. त्याचं एक टोक खाल्लेलं होतं.

शिवानीचे पाय अंगणातच थांबले. "कुणी खाल्ला?"

"मी," बाबाजी म्हणाले. "आल्या का तुमी? बरं झालं. हिला भ्या वाटतंय ना, म्हटलं आधी मी खातो. तासभर बसतो तुझ्यासमोर. मला काय झालं न्हाय, तर मग तू खा. झालाच आता तास." त्यांनी बार राहीपुढे धरला. "बघ, काय झालं का आजोबाला?"

राहीने हात पुढे केला.

शिवानीने धावत जाऊन तो बार हिसकावला. राही किंचाळली. बाबाजी उठून उभे राहिले. तिने वेष्टण उलटं करून तारीख बघितली, मनात वार मोजला, पुन्हा मोजला.

बुधवार.

ती ओटीच्या पायरीवर बसली. दारात हेमाली आली, डोक्यावर पिठाचा डबा. तिने शिवानीकडे बघितलं, बारकडे बघितलं, आणि डबा न उतरवता तशीच उभी राहिली.

"काय हाय त्यात?" बाबाजींनी विचारलं.

शिवानीला आयुष्यात पहिल्यांदा निकाल सांगायचा नव्हता. "जवळा आहे, बाबाजी. सुकी कोलंबी. राहीला तीच चालत नाही. बाकी सगळं चालतं."

बाबाजींनी तोंडावरून हात फिरवला. मग तोच हात गळ्याशी गेला, आणि माळेला लागायच्या आत त्यांनी तो मागे घेतला. अंगणात दिपेश गाडीशी उभा होता, जवळ यायला धजत नव्हता.

"बाकी सगळं चालतं?" बाबाजींनी विचारलं.

"सगळं."

"भात?"

"भात, दूध, वरण. सगळं."

"मग तिला आधी भात द्या. माझं मी बघतो." ते न्हाणीकडे चालायला लागले. दोन पावलांवर थांबले आणि न वळता म्हणाले, "वर्षभर ती हे खातेय. या घरात ती चव कुणाला कशी कळली न्हाय?"

हेमालीने डबा उतरवला आणि ती आत गेली. न्हाणीतून पाण्याचा आवाज यायला लागला, चुळा भरण्याचा, आणि तो थांबेना.

हेमालीने भात आणला. मऊ, वाफाळता. राहीने चमचा नाकाशी नेला.

"यात काय आहे?"

"तांदूळ. पाणी. मीठ."

"अजून?"

"अजून काही नाही."

राहीने शिवानीकडे बघितलं. शिवानीने मान हलवली. मग राहीने तोंड उघडलं, घास घेतला, आणि गिळून झाल्यावरही कितीतरी वेळ गळ्यावर हात धरून वाट बघत बसली. मग दुसरा घास घेतला. शिवानी आणि दिपेश निघाले तेव्हा तिने ताटली पुसून खाल्ली होती आणि अजून मागत होती.

गेल्या वर्षी एका गुरुवारी, राही शाळेत असताना, हेमालीने अलिबागच्या स्टँडवर पहिला दमदार बार विकत घेतला, तिथेच उभी राहून खाल्ला, पहिल्या घासाला माहेरची चव ओळखली, आणि घरी न्यायला पूर्ण खोका घेतला.